पळसाचं पाणी छापा, पण कुठं थांबायचं तेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रंगपंचमी झाल्यावर आठवड्याभरात आपल्या पुरवणीत पळसाच्या फुलांवर अर्धा रकाना आला होता. फोटो इतका छान होता की माझ्या सुनेनं तो कापून फ्रिजवर लावला. मजकुरात फायद्यांची यादी होती. घामोळ्या जातात, उष्णता उतरते, रक्त शुद्ध होतं, जंत पडतात, लघवीची जळजळ थांबते. फुलं रात्रभर भिजवून त्या पाण्यानं अंघोळ करावी आणि तेच पाणी प्यावं, एवढीच कृती दिली होती. किती फुलं घ्यायची, झाड ओळखायचं कसं, कुणी करू नये, किती दिवस करून थांबावं, याबद्दल एक शब्द नव्हता. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबेल. कात्री लावायचीच झाली तर कृपा करून शेवटाला लावू नका.

मी पेठ तालुक्यात आरोग्यसेविका होते. १९८४ साली रुजू झाले आणि २०१८ साली निवृत्त. आता पंचवटीत मुलाकडे राहते. पळसाच्या पाण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. दर उन्हाळ्यात माझ्या घरी ते होतंच. मला ते शिकवलं कोकणा समाजाच्या एका आजींनी, माझ्या नोकरीच्या पहिल्याच वैशाखात. उपकेंद्राला वरून पत्रा, वीज आली तर आली, आणि अंगावर गणवेशाची टेरिकॉटची पांढरी साडी. लसींचा डबा खांद्याला लावून पाड्यापाड्यानं फिरायचं. मानेवर, पाठीवर, ब्लाउजच्या काठाखाली अशा घामोळ्या उठल्या होत्या की रात्री पाठ टेकवत नव्हती. आजींनी मला ओट्यावर बसवलं, मान बघितली आणि आतून एक मडकं आणलं. त्यात काल संध्याकाळी भिजवलेली फुलं होती. पाणी हळदीच्या दुधासारखं नव्हे, पातळ केशरासारखं पिवळं होतं, आणि त्याला वास जवळपास नव्हताच. फडक्यानं टिपून टिपून त्यांनी ते माझ्या मानेला लावलं आणि पदर घेऊ नकोस, वाऱ्याला बस म्हणाल्या. गार वाटलं. त्या रात्री मी झोपले.

आता इतक्या वर्षांनी नर्स म्हणून विचार केला तर त्या गारव्यातलं निम्मं श्रेय साध्या पाण्याचं, फडक्यानं टिपण्याचं आणि वाऱ्याला बसण्याचं होतं. घामाची बारीक छिद्रं बुजतात, घाम आतच अडकतो, म्हणून पुरळ उठतं. अंग गार आणि कोरडं ठेवलं, सैल सुती कपडा घातला की ते आपसूक बसतं. पळसाचं फूल तुरट आहे, तुरट पाण्यानं कातडी जरा आवळल्यासारखी होते, चुरचुर कमी वाटते. माझा अनुभव एवढाच, आणि तेवढा पुरेसा आहे. रक्त शुद्ध होतं वगैरे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

नाशिककरांना पळस काही नवा नाही. रंगपंचमीला आपल्याकडे पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडतात. दिल्ली दरवाजा, तिवंधा, शनी चौक, तांबट लेन. फुलं उकळून रंग करायची रीत त्या रहाडींनीच जपली. रहाडीत धप्पा मारला की उन्हाळा बाधत नाही, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, आणि दर वर्षी तिवंध्याहून परतलेल्या मुलांचे कपडे आधी त्याच हुंगून बघायच्या. खरा रंग असला तर म्हणे कपड्याला शिजवलेल्या पाल्याचा वास येतो. गुलशनाबाद म्हणवलेल्या या शहराला फुलांची एवढी ओळख असूनही आता निम्म्या लोकांना पळस आणि पांगारा वेगळा करता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

ते वेगळं करणं फार महत्त्वाचं आहे. पळस, पांगारा आणि काटेसावर ही तिन्ही झाडं एकाच सुमाराला पानं गाळून लाल-केशरी होतात. पळसाला पानं तीनच ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण पांगाऱ्यालाही पानं तीनच असतात. तेव्हा नुसत्या म्हणीवर विसंबू नका. खोडाला हात लावा. टोकदार काटे लागले तर तो पांगारा किंवा सावर. पळसाचं खोड वेडंवाकडं, खडबडीत असतं, पण काटा नसतो. मग फूल हातात घ्या. सावरीचं फूल मोठं, मांसल, वाटीसारखं उघडं. पांगाऱ्याचं फूल भडक लाल. पळसाचं केशरी, एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, वर रुपेरी लव. उन्हात धरलं तर ती लव चमकते. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे फुलाच्या बुडाशी काळसर, मखमली टोपी. अंगठ्यानं चोळून बघा, मांजराच्या कानामागे हात फिरवल्यासारखं लागतं. संस्कृतात या फुलाला किंशुक म्हणतात, म्हणजे हा पोपट आहे की काय! ज्यानं ते नाव ठेवलं त्यानं फूल हातात घेऊन बघितलं होतं.

मी पाणी करते ते असं. सकाळी सातच्या आत पेठ रोडला रामशेज किल्ल्याच्या पुढे जाते, मुलगा सोडतो. झाडाखाली रात्री पडलेली फुलं असतात, तीच वेचते. मऊ, ताठ, रंग न उतरलेली. तपकिरी झालेली, चिखलाला चिकटलेली, रस्त्याच्या अगदी कडेची, गाड्यांच्या धुळीतली घेत नाही. शेताच्या बांधावर फवारणी झाली असेल तर त्या बांधाकडे फिरकतच नाही, आणि द्राक्षाच्या पट्ट्यात तर विचारल्याशिवाय कुठलंच फूल उचलू नये. घरी आल्यावर फुलं सुपात पसरून अर्धा तास ठेवायची, म्हणजे मुंग्या आपणहून निघून जातात. त्या फुलात मध भरपूर असतो, मुंग्या असतातच. मग एकेका फुलाची काळी टोपी चिमटीनं काढून टाकायची, पाकळ्या दोन पाण्यांनी धुवायच्या. एका माणसाच्या अंघोळीला ताज्या पाकळ्यांच्या चार मुठी, दोन लिटर पाणी. स्टीलच्या पातेल्यात किंवा मडक्यात. लोखंडी घमेल्यात मी एकदा भिजवली होती, तर पाणी काळपट झालं. रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी धोतराच्या जुन्या फडक्यातून दोनदा गाळायचं, म्हणजे ती लव अंगाला लागत नाही. बादलीभर साध्या पाण्यात ते मिसळायचं आणि साबण लावून झाल्यावर शेवटचं म्हणून अंगावर घ्यायचं. चोळायचं नाही. टिपून कोरडं करायचं आणि वरून पावडर थापायची नाही. घामोळ्यांवर पावडरीचा थर म्हणजे बुजलेल्या छिद्रांवर आणखी लिंपण. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, तुळशीला घाला.

साठवायची असतील तर पाकळ्या सावलीत, जुन्या सुती साडीवर, चार-पाच दिवस. रोज हात फिरवून उलटायच्या. मुठीत दाबल्यावर कुरकुरीत मोडल्या की झाल्या. उन्हात वाळवल्या की रंग उडतो. परातभर फुलं वाळून एवढीशी होतात. काचेच्या बरणीत ठेवायच्या, आणि आषाढ लागला की उरलेल्या टाकून द्यायच्या. आपल्या पावसाळी हवेत बुरशी धरतेच. बुरशीचं पाणी अंगाला लावण्यापेक्षा न लावलेलं बरं.

हे सगळं करायला एक सकाळ आणि एक रात्र लागते. तेवढा वेळ नाही म्हणून गेल्या वर्षी सुनेनं तयार पाकीट आणलं. दुकानाचं नाव घेत नाही. वर पळसाच्या फुलाचं चित्र, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं छापलेलं. नात साडेचार वर्षांची. तिच्या पाठीवर ते पाणी पडलं आणि पाच मिनिटांत ती ‘आजी, चावतंय, चावतंय’ म्हणून ओरडायला लागली. मी धावत गेले तर पाठ लालबुंद झालेली आणि मोरीच्या पांढऱ्या फरशीवर गडद नारिंगी ओघळ. सून रडकुंडीला आली. “आई, मीच आणलं हो.” मी तिला म्हटलं, तुझी चूक नाही, पाकिटावर जे लिहिलं होतं ते तू वाचलंस. नातीच्या पाठीवर साध्या पाण्याचे दहा-बारा तांबे ओतले, सुती पेटीकोट घातला, संध्याकाळपर्यंत लाली उतरली. नशीब.

त्या रात्री मी दोन काचेचे पेले घेतले. एकात आमच्या बरणीतल्या पाकळ्या चुरून टाकल्या, दुसऱ्यात पाकिटातली चिमूट. दोन्हींत माठातलं गार पाणी. पाकिटाच्या पेल्यात भुकटी पाण्याला टेकताच नारिंगी धूर सुटल्यासारखा रंग खाली उतरला, आणि मिनिटभरात पेला सरबताच्या बाटलीसारखा दिसायला लागला. आमच्या पेल्यात दहा मिनिटं काहीच नाही. मग पाकळ्यांच्या कडेनं हलका पिवळा, आणि सकाळपर्यंत तो मुरला. पळसाचा रंग असाच सावकाश सुटतो. त्याला गडद करायचा तर चिमूटभर चुना टाकावा लागतो, मग तो पिवळ्याचा नारिंगी होतो. जुने लोक रंग करताना हेच करायचे. पण चुना टाकलेलं पाणी रंगासाठी, घामोळ्यांसाठी नव्हे. चुन्यानं सोललेली कातडी आणखी पोळते. फरशीवरचा पाकिटाचा डाग दोन दिवस घासूनही पूर्ण गेला नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगते. हे मी आजवर घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

नोकरीला पाच-सहा वर्षं झाली असतील. पाड्यावरची एक आई दहा महिन्यांचं मूल घेऊन आली. मानेच्या वळ्यांत, काखेत बारीक पुरळ. एप्रिलचा शेवट. मी बघितलं, घामोळ्याच होत्या. तिला म्हटलं, काळजी करू नको, पळसाचं पाणी लाव. ती आनंदानं गेली, कारण हे तिच्या घरचंच औषध होतं, आणि नर्सबाईनंही तेच सांगितलं. नऊ दिवसांनी मी पुन्हा त्या पाड्यावर गेले, तेव्हा मूल तापानं फणफणलेलं. काखेत पुरळाचे पू भरलेले फोड झालेले, एक फुटून ओलं झालेलं, आणि त्यावर आई नेमानं, दिवसातून तीनदा, पळसाचं पाणी टिपत होती. मी सांगितलं तेच ती करत होती. किती दिवस, आणि काय दिसलं की थांबायचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. जीपगाडी मिळेपर्यंत दुपार झाली. मुलाला ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथं औषधोपचार झाले आणि मूल बरं झालं. पण त्या गाडीत तिनं माझ्याकडे एकदाही रागानं बघितलं नाही. तिला वाटत होतं तिचंच काहीतरी चुकलं. मी तिला तिथंच सांगितलं की तुझं नाही, माझं चुकलं. ते तिला पटलं की नाही, कोण जाणे.

तेव्हापासून मी कुणालाही नुसती कृती सांगत नाही. उपायाच्या आधी हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, थोडं लावून एक दिवस बघायला सांगते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगाला साध्या पाण्याखेरीज काहीच लावायचं नाही. जखम, ओलं, खरचटलेलं असेल तिथं नको. तीन दिवस लावून उतार नसेल तर चौथ्या दिवशी पळस बंद आणि दवाखाना. पू, ताप, सूज, दुखणं, यातलं एक जरी दिसलं तर तीन दिवसांचीही वाट बघायची नाही. आणि ज्यांना फुलं मिळणार नाहीत त्यांनी हळहळू नये. गार पाण्यानं दोनदा अंघोळ, सुती कपडा आणि औषधाच्या दुकानातलं कॅलामाइन लोशन यांनीही काम होतं.

पिण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पिऊ नका. गरोदर बाईनं तर पळसाचं फूल, बी, साल, काहीही पोटात घेऊ नये. ज्यांना वैद्यांनी तपासून दिलंय त्यांची गोष्ट वेगळी, ते त्यांच्या देखरेखीखाली असतात. जंतांसाठी पळसपापडी म्हणजे पळसाचं बी देतात, हे खरं. पण ते मात्रेचं औषध आहे, मुलांवर घरी अंदाजानं करण्याचं नाही. जंतांसाठी जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. ४०० मिलिग्रॅमची, आणि वर्ष ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. ती चुकवू नका. आणि लघवीची जळजळ थांबत नसेल तर ती तपासून घ्यायची बाब आहे. बायका हे दुखणं आधीच अंगावर काढतात, त्यात त्यांना फुलांच्या पाण्यावर आठवडा घालवायला सांगू नये, ही हात जोडून विनंती.

फुलांबद्दलही एक सांगायचंय. रंगपंचमीच्या आदल्या रविवारी मी पेठ रोडला गेले तेव्हा मोटरसायकलवर पुढे-मागे पळसाच्या फांद्याच्या फांद्या बांधून नेणारी मुलं दिसली. झाडाखाली मोडलेल्या फांद्या, अर्ध्या कळ्यांनी भरलेल्या. एका झाडावर जांभळा शिंजीर एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे चोच घालत होता आणि शेजारच्या झाडावर नुसत्या खुंट्या. पानझडीच्या त्या दिवसांत रानात दुसरं काय फुललेलं असतं? त्याच झाडाच्या पानांवर उन्हाळ्यात पेठ-सुरगाण्याच्या बायका पत्रावळी लावतात, तोही त्यांचा दोन पैशांचा आधार. खाली पडलेली फुलं औषधालाही चालतात आणि रंगालाही चालतात, मग फांदी मोडायची कशाला? बोरगडच्या राखीव क्षेत्रातलं तर पडलेलं फूलही उचलू नये. आपल्या पुरवणीत फोटो छापला की दुसऱ्या दिवशी गर्दी तिकडे जाते. म्हणून त्या फोटोखाली ‘पडलेलीच वेचा’ हे दोन शब्द असायला हवे होते.

आपल्याकडे अजून बहावा फुलायचाय, मोहाची फुलं पडायला लागलीत, पुढे पारिजातक येईल. आपण त्यांच्यावरही लिहाल, आणि लिहावं. आजींनी मला मडकं दिलं तेव्हा त्या स्वतः समोर बसून होत्या. माझी मान दोन दिवसांनी पुन्हा बघायला आल्या होत्या. वर्तमानपत्राला वाचकाची मान बघता येत नाही. म्हणून घरगुती उपाय छापताना प्रत्येक वेळी खाली तीन ओळी छापा. किती घ्यायचं, कुणी घ्यायचं नाही, आणि काय दिसलं की थांबून दवाखाना गाठायचा. जागा कमी पडली तर फायद्यांमधले दोन गाळा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
पंचवटी, नाशिक